हरणाऱ्या संघाने लाडके खेळाडू विकावेत का?

वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतील फुटबॉल संघ आपल्या लोकप्रिय खेळाडूंची अदलाबदल करतात, त्याविषयी या वेळी बरीच पत्रे आली. त्यांतील सहा प्रश्न एकत्र घेतले आहेत. मडगावच्या पत्राचा अपवाद वगळता येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकेतील एनएफएल स्पर्धेत खेळला जाणारा फुटबॉल समजावा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो आणि आमचा मुलगा न्यूयॉर्क जेट्स या संघाचा निस्सीम चाहता आहे. नावात न्यूयॉर्क असले तरी हा संघ आमच्याच राज्यात, ईस्ट रदरफर्डच्या मैदानावर खेळतो. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी जेट्सने सॉस गार्डनर आणि क्विनेन विल्यम्स हे आपले दोन सर्वांत लोकप्रिय खेळाडू एकाच दिवशी दुसऱ्या संघांना देऊन टाकले. मुलाकडे गार्डनरची १ क्रमांकाची जर्सी आहे. ती त्याने तेव्हापासून घातलेली नाही. संघ आधीच हरत असताना होते ते चांगले खेळाडूही घालवण्यात कोणते शहाणपण आहे?
— एक पालक, एडिसन

उत्तर : शहाणपण आहे, पण ते निम्मेच आहे, आणि उरलेले निम्मे जेट्सला आजवर साधलेले नाही, असे आमचे मत आहे.

त्या दिवशीची परिस्थिती आधी पाहू. जेट्सने हंगामातील पहिले सातही सामने गमावले होते आणि आठव्यात सिनसिनाटीवर ३९-३८ असा निसटता विजय मिळवला होता. एकूण सतरा सामन्यांच्या हंगामात आठ सामन्यांनंतर एक विजय असलेला संघ प्लेऑफ (हंगामानंतरची बाद फेरी) गाठेल, अशी आशा त्याच्या मालकालाही नसते. अशा वेळी विल्यम्स डॅलसला गेला. त्याच्या बदल्यात २०२६ च्या ड्राफ्टमधील (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील) दुसऱ्या फेरीची आणि २०२७ मधील पहिल्या फेरीची निवड, शिवाय मॅझी स्मिथ हा खेळाडू मिळाला. गार्डनर इंडियानापोलिसच्या कोल्ट्स संघाकडे गेला. त्याच्या बदल्यात २०२६ आणि २०२७ अशा दोन्ही वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी आणि ए. डी. मिचेल हा तरुण रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) आला. जेट्सच्या स्वतःच्या दोन निवडी धरल्या, तर दोन वर्षांत पहिल्या फेरीच्या पाच निवडी त्यांच्या हाती जमा झाल्या.

ज्यांना ही पद्धत परिचित नाही त्यांच्यासाठी सांगायचे, तर महाविद्यालयांतून येणारे नवे खेळाडू बत्तीस संघ दर वर्षी एप्रिलमध्ये सात फेऱ्यांत निवडतात, आणि आदल्या हंगामात जो सर्वांत वाईट खेळला त्याचा क्रमांक पहिला लागतो. ही निवड करण्याचा हक्क हीच या खेळातील खरी हुंडी आहे; ती पुढच्या वर्षांचीही वटवता येते. पहिल्या फेरीतून आलेल्या खेळाडूचे चार वर्षांचे वेतन ठरीव आणि तुलनेने कमी असते, व पाचवे वर्ष वाढवून घेण्याचा अधिकार संघाकडे असतो. म्हणून एका प्रस्थापित, महागड्या खेळाडूच्या बदल्यात दोन अशा निवडी मिळाल्या, तर कागदावर संघाचा फायदाच दिसतो.

आता आपल्या मुलाच्या दोन नायकांकडे वळू. त्यांचा विचार एका मापाने करता येत नाही. विल्यम्स त्या वेळी सत्तावीस वर्षांचा होता आणि तो बचावफळीच्या अगदी मध्यभागी, धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांच्या रेट्यात खेळतो. जेट्स पुन्हा उभा राहायला दोन-तीन वर्षे लागणार हे गृहीत धरले, तर तोवर विल्यम्सची उमेदीची वर्षे सरत आलेली असतील आणि त्याला नवा, मोठा करारही हवा असेल. जो खेळाडू आपला संघ चांगला होईपर्यंत स्वतः उतरणीला लागणार आहे, तो कितीही लाडका असला, तरी त्याला चांगली किंमत येत असताना सोडणे योग्य ठरते. हा सौदा आम्हाला निर्विवाद बरोबर वाटतो.

गार्डनरचे तसे नाही. तो अवघा पंचवीस वर्षांचा होता. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर आलेला हा कॉर्नरबॅक (प्रतिस्पर्धी रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) पहिल्याच वर्षी बचावातील सर्वोत्तम नवोदित ठरला आणि पहिली दोन्ही वर्षे त्याची ऑल-प्रो संघात, म्हणजे हंगामातील सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीत, निवड झाली. जेट्स सावरेपर्यंत तो ऐन भरात असता. त्याला विकण्याचे समर्थन केवळ मिळालेल्या किमतीवर करता येते, आणि किंमत घसघशीत होती, हे नाकारता येत नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. सरव्यवस्थापक डॅरेन मूगी आणि प्रशिक्षक एरन ग्लेन हे दोघेही जानेवारी २०२५ मध्ये रुजू झाले होते. त्यांच्याच कारकिर्दीत जुलैमध्ये गार्डनरशी चार वर्षांचा, १२ कोटी ४ लाख डॉलरपर्यंतचा नवा करार झाला, आणि नोव्हेंबर उजाडताच त्याला कोल्ट्सच्या हवाली करण्यात आले. संघ वाईट आहे हे जुलैत कळत नव्हते काय? ज्या चाहत्याने करार झाल्यावर भरवशाने जर्सी विकत घेतली, त्याला फसवल्यासारखे वाटले तर तो त्याचा हट्ट म्हणता येणार नाही.

तरीही खरा प्रश्न पुढचा आहे, आणि तो जेट्सच्या स्वतःच्या इतिहासातून उभा राहतो. लोकप्रिय बचावपटू विकण्याची या संघाची ही पहिली वेळ नव्हती. एप्रिल २०१३ मध्ये त्यांनी डॅरेल रीव्हिस हा त्या काळचा सर्वोत्तम कॉर्नरबॅक टॅम्पा बेला दिला आणि मिळालेल्या तेराव्या निवडीतून शेल्डन रिचर्डसनला घेतले. तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला. जुलै २०२० मध्ये जमाल ॲडम्स सिॲटलला गेला. तो स्वतःच संघावर जाहीरपणे नाराज होता. त्याच्या बदल्यात पहिल्या फेरीच्या दोन निवडी, तिसऱ्या फेरीची एक निवड आणि एक खेळाडू मिळाला. या सौद्यात जेट्सने सिॲटलला अक्षरशः लुटले. ॲडम्सने तेथे पहिल्या हंगामात साडेनऊ सॅक (चेंडू फेकणाऱ्याला फेकण्याआधीच पाडणे) करून आपल्या जागेवरच्या खेळाडूंचा विक्रम केला खरा, पण पुढे दुखापतींनी त्याला ग्रासले आणि मार्च २०२४ मध्ये सिॲटलने त्याला मुक्त केले. इकडे सिॲटलकडून मिळालेल्या २०२२ च्या दहाव्या निवडीतून जेट्सला गॅरेट विल्सन मिळाला, जो आक्रमणातील सर्वोत्तम नवोदित ठरला. म्हणजे गार्डनर आणि विल्सन हे दोघेही एकाच संध्याकाळी आले, आणि त्यांपैकी एक तर आधीच्या लाडक्या खेळाडूच्या विक्रीतून आला होता.

हे सगळे इतके छान जमूनही झाले काय? २०२१ मध्ये चार विजय, २०२२ आणि २०२३ मध्ये सात-सात, २०२४ मध्ये पाच. २०१० च्या हंगामानंतर जेट्स एकदाही प्लेऑफमध्ये पोहोचलेला नाही. बैल विकून उत्तम बियाणे आणले, पण शेतात पाणीच नाही, अशातली ही गत आहे. आणि या खेळात पाणी म्हणजे क्वार्टरबॅक, आक्रमणाची सूत्रे सांभाळून चेंडू फेकणारा खेळाडू. २०१८ मध्ये तिसऱ्या निवडीतून सॅम डार्नोल्ड आला, तो तीन वर्षांत सोडून दिला; पुढे मिनेसोटाकडून २०२४ मध्ये त्याच डार्नोल्डने चौदा सामने जिंकून दाखवले. २०२१ मध्ये दुसऱ्या निवडीतून आलेला झॅक विल्सन टिकला नाही. २०२३ मध्ये एरन रॉजर्सला गाजावाजा करून आणले, तर पहिल्याच सामन्यात चार डाव खेळून त्याच्या टाचेची शीर तुटली. २०२५ साठी जस्टिन फील्ड्सला दोन वर्षांचा ४ कोटी डॉलरचा करार दिला, आणि नोव्हेंबर येईपर्यंत तोही उत्तर नाही हे दिसून आले होते. ज्या संघाला गेल्या दशकात एकही क्वार्टरबॅक घडवता आलेला नाही, त्याने पाच निवडी जमवल्या म्हणून चाहत्याने लगेच हुरळून जाऊ नये.

नशिबाचाही यात मोठा वाटा असतो. सौदा झाला तेव्हा कोल्ट्सने नऊपैकी सात सामने जिंकले होते, म्हणजे त्यांची २०२६ ची निवड पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी येणार असे सगळे धरून चालले होते. पुढे डिसेंबरमध्ये त्यांचा क्वार्टरबॅक डॅनियल जोन्स टाचेच्या दुखापतीने बाहेर पडला, संघ ढेपाळला आणि प्लेऑफलाही मुकला. त्यामुळे जेट्सला मिळालेल्या हुंडीची किंमत आपोआप वाढली. सिॲटलची निवड दहावी आली तीही २०२१ मध्ये त्यांचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन याचे बोट दुखावल्यावर त्यांचा हंगाम बिघडला म्हणून. दुसऱ्याच्या घरची पडझड आपल्या हिशेबात जमा होते, असा हा विचित्र बाजार आहे.

तेव्हा मुलाला एवढे सांगता येईल की त्याचा राग रास्त आहे, गार्डनर त्याच्या जागी चांगलाच होता, आणि तरीही त्याच्यासाठी मिळालेली किंमत बहुतेक संघांनी स्वीकारली असती. गॅरेट विल्सनशी मात्र त्याच जुलैत केलेला मोठा करार संघाने पाळला आहे. नवी जर्सी घ्यायचीच असेल, तर ५ क्रमांकाची घ्यावी.

प्रश्न : येथे डॅलसमध्ये असा विषय निघाला की प्रत्येक जण हर्शेल वॉकरचे नाव घेतो आणि लोकप्रिय खेळाडू विकल्यानेच डॅलस काउबॉइज मोठे झाले असे सांगतो. मग ऑगस्ट २०२५ मध्ये मायका पार्सन्सला विकले तेव्हा हेच लोक का चिडले? दोन्ही सौदे सारखेच नाहीत का?
— एक वाचक, फ्रिस्को, टेक्सस

उत्तर : सारखे नाहीत, आणि वॉकरच्या सौद्याचे नाव घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यातील खरी मेख ठाऊक नसते.

फेब्रुवारी १९८९ मध्ये जेरी जोन्स यांनी काउबॉइज विकत घेतला, एकोणतीस हंगाम प्रशिक्षक राहिलेल्या टॉम लँड्री यांना काढले आणि मायामी विद्यापीठातून जिमी जॉन्सन यांना आणले. आदल्या वर्षी संघाने सोळापैकी तीनच सामने जिंकले होते. वॉकर हा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) हे या संघाचे एकमेव धन होते. १९८८ मध्ये त्याने १,५१४ यार्ड धाव घेतली होती. १९८९ मध्ये पहिले पाच सामने हरल्यावर, १२ ऑक्टोबरला, जॉन्सन यांनी त्याला मिनेसोटा व्हायकिंग्जला दिले. व्हायकिंग्जचे व्यवस्थापक माइक लिन यांना वाटत होते की आपला संघ सुपर बोलपासून (स्पर्धेच्या अंतिम सामन्यापासून) एका रनिंग बॅकइतकाच दूर आहे.

व्हायकिंग्जने पाच खेळाडू आणि काही निवडी दिल्या, आणि करारात असे कलम होते की या पाचांपैकी ज्याला डॅलस १ फेब्रुवारी १९९० पूर्वी सोडून देईल, त्याच्या नावापुढे लिहिलेली निवड डॅलसला मिळेल. लिन यांची समजूत अशी, की डॅलस दुबळा असल्यामुळे हे अनुभवी खेळाडू ठेवून घेईल आणि त्या निवडी द्याव्याच लागणार नाहीत. जॉन्सन यांना मात्र सुरुवातीपासून निवडीच हव्या होत्या. मुदत जवळ येताच आपण सगळ्यांना सोडणार असे त्यांनी कळवले, आणि शेवटी झालेल्या तडजोडीत डॅलसला काही खेळाडूही राहिले व निवडीही मिळाल्या. दोन्ही बाजूंचे खेळाडू आणि निवडी मिळून अठरा नग असलेला हा सौदा एनएफएलच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या सौद्यांत गणला जातो.

त्या वर्षी डॅलस एकच सामना जिंकले आणि पंधरा हरले; तेही हिशेबात धरायला हवे, कारण चाहत्यांना आधी हे पंधरा पराभव सोसावे लागले. नंतर मिनेसोटाच्या निवडीला आणखी एक निवड जोडून डॅलस १९९० मध्ये एकविसाव्या क्रमांकावरून सतराव्यावर सरकले आणि त्यांनी एमिट स्मिथला घेतले, जो पुढे या खेळातील सर्वाधिक धाव-यार्डांचा मानकरी झाला. १९९२ मध्ये मिनेसोटाच्याच निवडीतून डॅरेन वुडसन आला. १९९२, १९९३ आणि १९९५ या हंगामांत डॅलसने सुपर बोल जिंकला. वॉकरने व्हायकिंग्जसाठी पहिल्या सामन्यात १४८ यार्ड धावून मैदान डोक्यावर घेतले, पण तेथील तीनही हंगामांत त्याला एक हजार यार्ड गाठता आले नाहीत.

हे यश वॉकरला विकल्यामुळे आले म्हणणे अपुरे आहे. त्याच्या काही महिने आधी डॅलसने ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर ट्रॉय एकमनला घेतले होते. म्हणजे क्वार्टरबॅक आधीच घरात होता. शिवाय त्या काळी ड्राफ्टच्या बारा फेऱ्या होत्या आणि वेतनावर मर्यादा नव्हती. ती १९९४ मध्ये आली. महाविद्यालयीन फुटबॉलमधून थेट आलेल्या जॉन्सन यांना त्या वयोगटातील खेळाडूंची जी माहिती होती, ती इतर संघांकडे नव्हती. आज तशी माहिती सगळ्यांकडे असते.

पार्सन्सच्या वेळी चित्र उलटे होते. तो रनिंग बॅकसारखा लवकर झिजणाऱ्या जागेचा खेळाडू नव्हता. क्वार्टरबॅकला गाठणारा सव्वीस वर्षांचा बचावपटू ही आज सर्वांत दुर्मीळ वस्तू आहे. डॅलसकडे डॅक प्रेस्कॉट हा क्वार्टरबॅक होता, ज्याला वर्षाला सरासरी ६ कोटी डॉलर मिळतात. असा संघ पुनर्बांधणीचे कारण सांगू शकत नाही. पार्सन्स ग्रीन बेला गेला तो पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि केनी क्लार्क या खेळाडूच्या बदल्यात, आणि ग्रीन बेने त्याला लगेच चार वर्षांचा १८ कोटी ८० लाख डॉलरचा करार दिला. ग्रीन बेसारख्या चांगल्या संघाच्या निवडी फेरीच्या शेवटी येतात, हे तर उघडच होते. २८ सप्टेंबरला दोन्ही संघ समोरासमोर आले आणि सामना ४०-४० असा बरोबरीत सुटला. दोन्हीकडच्या चाहत्यांना आपलेच खरे म्हणायला त्यामुळे मोकळीक मिळाली. नोव्हेंबरमध्ये डॅलसने आपल्याकडील एक पहिल्या फेरीची निवड देऊन विल्यम्सला आणले, ते वर आलेच आहे. एक महागडा बचावपटू घालवून दुसरा आणणे, ही आम्हाला पुनर्बांधणी वाटत नाही आणि जेतेपदाची तयारीही वाटत नाही. डिसेंबरमध्ये पार्सन्सच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली, त्यामुळे डॅलसचे समर्थक आता मान वर करून बोलतात. पण दुखापत ऑगस्टमध्ये कोणालाच दिसत नव्हती, आणि तिच्यावरून ऑगस्टमधील निर्णयाला गुण देणे बरोबर नाही.

प्रश्न : खेळाडूला दुसऱ्या शहरात जायचे नसेल तर तो नकार देऊ शकत नाही का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : करारात तसे कलम असेल तरच, आणि ते फार थोड्यांना, मुख्यतः बड्या क्वार्टरबॅकना मिळते. बाकीच्यांनी पुढच्या विमानाने नव्या शहरी हजर व्हायचे. वॉकरच्या सौद्यातील डॅरिन नेल्सनने मात्र डॅलसला जाण्यास साफ नकार दिला आणि त्याला सॅन डिएगोला पाठवावे लागले. कायद्याने नव्हे, हट्टाने.

प्रश्न : मी अलीकडेच हा खेळ पाहू लागलो आहे. दुसऱ्या संघाकडे गेलेल्या खेळाडूचा पैसा जुन्या संघाच्या खात्यावर पडतो असे समालोचक म्हणतात. गेलेल्या माणसाचा पगार जुन्या मालकाने का भरायचा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तो पगार भरत नाही; आधीच भरलेल्या रकमेची नोंद करतो. प्रत्येक संघाने खेळाडूंवर वर्षाला किती खर्च करावा याची मर्यादा असते. २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. करार करताना खेळाडूला सहीच्या वेळी रोख बोनस दिला जातो, पण मर्यादेच्या हिशेबात तो जास्तीत जास्त पाच वर्षांत समान वाटून दाखवण्याची मुभा आहे. समजा एखाद्याला पाच वर्षांच्या करारावर ५ कोटींचा बोनस दिला. दर वर्षी १ कोटी खात्यावर पडणार. दोन वर्षांनी त्याला विकले, तर नव्या संघाकडे त्याचे पुढचे वेतन जाते. बोनसमधील न दाखवलेले ३ कोटी मात्र जुन्या संघाच्या नावावर एकदम उभे राहतात. विक्री १ जूननंतर झाली, तर चालू वर्षाचा १ कोटी या वर्षी आणि उरलेले २ कोटी पुढच्या वर्षी, अशी विभागणी होते.

यातूनच एक गोष्ट लक्षात येते. हरणाऱ्या संघाला हा बोजा सोसवतो, कारण त्या वर्षी त्याला तसेही काही जिंकायचे नसते. लोकप्रिय खेळाडू गेल्याने तिकीटविक्री बसेल ही भीतीही या स्पर्धेत फारशी खरी नाही. दूरचित्रवाणीचे राष्ट्रीय उत्पन्न बत्तीस संघांत समान वाटले जाते. ग्रीन बे हा एकमेव संघ जनतेच्या मालकीचा असल्यामुळे हिशेब प्रसिद्ध करतो, आणि त्यावरून हा वाटा आता वर्षाला ४० कोटी डॉलरहून अधिक असल्याचे दिसते. संघ सतरा सामने हरला तरी तो वाटा येतो. मालक चाहत्यांच्या रागाला फारसे का घाबरत नाहीत, याचे आमच्या मते हेच सर्वांत साधे उत्तर आहे.

प्रश्न : २०२० मध्ये आमच्या एफसी गोवाचे मंदार राव देसाई, ह्यूगो बूमूस, अहमद जाहू आणि मुर्तदा फॉल असे चार जण मुंबई सिटीकडे गेले आणि पुढच्याच हंगामात मुंबईने इंडियन सुपर लीगचे दोन्ही चषक जिंकले. आपल्याकडेही ड्राफ्ट असता, तर गोव्याला काही तरी मिळाले असते ना?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : मिळाले असते, पण मग तो वेगळाच खेळ झाला असता. सॉकरमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या फुटबॉलमध्ये, निवडींची हुंडी नसते, करार चालू असताना रोख रक्कम मिळते आणि करार संपला की खेळाडू मोकळा. म्हणून तेथे विक्रीचा निर्णय करार संपायच्या आत घ्यावा लागतो. बूमूससाठी मुंबईला करारातील ठरलेली रक्कम मोजावी लागली, हे आपल्याला आठवत असेलच. शिवाय गोवा त्या वेळी हरत नव्हता. २०१९-२० मध्ये साखळीत पहिला येऊन तो संघ फुटला, आणि त्याचे मुख्य कारण प्रशिक्षक सर्जियो लोबेरा मुंबईला गेले हे होते. तरीही नव्या संघाने उपांत्य फेरीत मुंबईलाच पेनल्टीपर्यंत झुंजवले आणि २०२१ चा ड्युरँड चषक जिंकला. चार लाडके गेले म्हणून गोवा बुडाला नाही, एवढे त्याच्या चाहत्यांनी अभिमानाने सांगावे.

युरोपात आणखी एक फरक पडतो. तेथे तळाचे संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात, त्यामुळे दोन-तीन वर्षे मुद्दाम दुबळे राहून भविष्य घडवण्याची चैन कोणाला परवडत नाही. एनएफएलमध्ये शेवटच्या क्रमांकाला शिक्षा नाही, उलट बक्षीस आहे. अर्थात मैदानावरचे खेळाडू हा हिशेब मानत नाहीत. २०२० मध्ये सलग तेरा सामने हरलेल्या जेट्सने शेवटी शेवटी दोन सामने जिंकले आणि ट्रेव्हर लॉरेन्स या नवोदित क्वार्टरबॅकसाठीचा ड्राफ्टमधील पहिला क्रमांक जॅक्सनव्हिलच्या पदरात टाकला.

प्रश्न : डेट्रॉइट लायन्सने २०२१ मध्ये मॅथ्यू स्टॅफर्ड हा क्वार्टरबॅक लॉस एंजलिस रॅम्सला दिला तेव्हा माझ्या पतीने सामने पाहणे सोडले होते. आता ते म्हणतात की तो निर्णय सर्वोत्तम होता. हे आधी कळण्याची काही खूण असते का?
— एक वाचिका, ट्रॉय, मिशिगन

उत्तर : डेट्रॉइटच्या बाबतीत तीन खुणा दिसत होत्या, आणि तिन्ही एकत्र येणे दुर्मीळ असते.

पहिली म्हणजे खेळाडूची स्वतःची इच्छा. स्टॅफर्ड तेथे बारा वर्षे होता, संघाने त्याच्या काळात प्लेऑफचा एकही सामना जिंकला नाही, आणि नव्या पुनर्बांधणीत आपली उरलेली वर्षे घालवायची नाहीत असे त्याने मोकळेपणाने सांगितले. त्याला अडवून ठेवणे अन्यायाचे आणि निरुपयोगीही झाले असते. दुसरी, बदल्यात केवळ निवडी आल्या नाहीत; जॅरेड गॉफ हा सुपर बोल खेळलेला क्वार्टरबॅकही आला. लॉस एंजलिस रॅम्सना तो नकोसा झाला होता आणि जाणकारांनी त्याला सौद्यातील ओझे मानले होते. जेट्सची जी जागा वर्षानुवर्षे रिकामी आहे, ती डेट्रॉइटमध्ये एक दिवसही रिकामी राहिली नाही.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची आहे, पण ती बाहेरून ओळखणे अवघड असते. व्यवस्थापक ब्रॅड होम्स स्वतः रॅम्समधून आले होते, त्यांना निवड करता येत होती आणि मालकांनी त्यांना व प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांना वेळ दिला. पहिल्या वर्षी तीन विजय, तेरा पराभव आणि एक बरोबरी. दुसऱ्या वर्षी पहिल्या सातांपैकी एकच विजय. बहुतेक मालकांनी त्या ऑक्टोबरमध्ये दोघांनाही घरी पाठवले असते. २०२३ मध्ये रॅम्सची सहावी निवड डेट्रॉइटने ॲरिझोनाला देऊन दोन निवडी मिळवल्या आणि त्यांतून जमीर गिब्ज व सॅम लापोर्टा आले. एका मोठ्या नोटेचे सुटे करून घेणे अनेकांना जमते. त्या सुट्यातून दोन पक्के खेळाडू मिळवणे फार थोड्यांना साधते. उलट उदाहरण ओकलंड रेडर्सचे आहे. त्यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये खलील मॅक हा बचावपटू शिकागोला देऊन पहिल्या फेरीच्या दोन निवडी मिळवल्या. एकीतून जॉश जेकब्ज हा चांगला रनिंग बॅक आला, दुसरीतून आलेला डेमन आर्नेट दुसऱ्याच हंगामात संघाबाहेर गेला, आणि मॅकच्या तोडीचा कोणी त्यांच्याकडे आलाच नाही. किंमत दोघांनाही सारख्याच तोलाची मिळाली होती.

स्टॅफर्डने रॅम्सला पहिल्याच हंगामात सुपर बोल जिंकून दिला, तेव्हा आपल्या पतींना काय वाटले असेल याची कल्पना येते. पुढे जानेवारी २०२४ मध्ये तोच स्टॅफर्ड रॅम्सकडून प्लेऑफ खेळायला डेट्रॉइटला आला, प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली आणि लायन्सने २४-२३ असा सामना जिंकला. जानेवारी १९९२ नंतरचा हा त्यांचा प्लेऑफमधील पहिला विजय होता. बारा वर्षे संघासाठी अंग मोडून खेळलेल्या माणसाची हुर्यो करणे आम्हाला रुचले नाही. पण त्या संध्याकाळी आपले पती पुन्हा दूरचित्रवाणीसमोर बसले असतील, तर त्यांनाही आम्ही नावे ठेवणार नाही.